दोन प्रौढ, दोन मुलं आणि आई

कराड

मुलांना घेऊन मुंबईत कुठल्या हॉटेलात उतरावं, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. एप्रिलभर मी या विषयाचा इतका अभ्यास केला की आमच्या सोसायटीत माझा थोडा दरारा झाला आहे. अभ्यासाचा निकाल मात्र कुणी विचारत नाही. म्हणून तो इथे लिहिते.

खरं तर मला मुंबईत हॉटेल लागायचं काही कारण नव्हतं. माझं माहेर मुलुंडचं. ज्या गावात सख्खा भाऊ राहतो तिथे हॉटेलात उतरणं म्हणजे आमच्या नातेवाइकांत भांडणाची जाहिरात देणं. दर मे महिन्यात मी मुलांना घेऊन दादाकडे जायची. दोन खोल्यांत आठ-दहा माणसं झोपायची, आणि रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस परत आपल्याच जागेवर पोचेल याची खात्री नसायची. पण मुलुंडची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने दोन वर्षांत चावी देतो म्हणून सांगितलं, तिथे अजून खड्डाच आहे. दादा, वहिनी, बारावीतला चिन्मय आणि आई असे चौघे दहिसरला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहायला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे आधीच गेलेले. गणपतीच्या आधी ती दोघांच्या खांद्यावर भार टाकून जिना चढली, ती त्यानंतर उतरलीच नाही.

"ह्या वेळी हॉटेल बघ ना गं," दादा फोनवर म्हणाला. "इथे वाट लागेल तुमची. संडासला नंबर लावावा लागतो."

"मुलुंडला काय लागत नव्हता?"

"तिथे उभं राहायला गॅलरी होती यार," तो म्हणाला.

मी दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी चपात्या लाटताना मला एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या फसलेल्या कल्पना मला चपात्या लाटतानाच सुचलेल्या आहेत.

माझी आई माझ्याकडे राहायला येत नाही. ईराच्या बारशाला आली, ओमच्या बारशाला आली, आणि दोन्ही वेळा पानावरून उठून संध्याकाळच्या एसटीने परत गेली. "चेडवाच्या घराक रवाचा नसता," हे तिचं मालवणातून सोबत आणलेलं वाक्य. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, बस. आम्ही भांडलो, रडलो, जावयाने हात जोडले. ती हसायची आणि पिशवी उचलायची. पण हॉटेल? हॉटेल काही लेकीचं घर नव्हे. आम्ही मोठी खोली घ्यावी, आईला तिथे आणावं, नातवंडांजवळ तिने तीन रात्री राहावं. त्या जिन्यावरून एकदा तरी खाली यावं.

मी फोन केला. आईने उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग तिनेच फोन केला.

"हॉटेल कुणाचा?"

"हॉटेलवाल्याचं."

"मगे चलात," आई म्हणाली.

आता शोध. मुलांची अट एकच, स्विमिंग पूल. माझा नवरा संजय हॉटेलांबद्दल फक्त वाईट अभिप्राय वाचतो. "इथे उशीला वास येतो," "इथे चहा मागितला तर पिशवी देतात," असं तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचा. माझ्या अटी वेगळ्या होत्या. प्रवेशाला पायऱ्या नकोत, लिफ्ट थेट खोलीच्या मजल्यावर जाणारी हवी, बाथरूमची फरशी गुळगुळीत नको, कमोडजवळ धरायला दांडा हवा. शिवाय खिडकी हवी, आणि खिडकीतून काहीतरी हलताना दिसायला हवं, कारण दहिसरच्या खिडकीतून आईला समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात.

अंधेरीची हॉटेलं विमानातून उतरणाऱ्या टायवाल्यांसाठी निघाली. बोरीवलीचं एक दहिसरला जवळ होतं, पण संजयला तिथला उशीचा अभिप्राय सापडला. मुलुंडमध्ये मी शोधलं नाही. घाटकोपरला एक बरं होतं, पण खाली लग्नाचा हॉल आणि फोटोत बँडवाले. शेवटी पवईचं सापडलं. "फॅमिली फ्रेंडली" असं मोठ्या अक्षरांत. फोटोतली फॅमिली पांढऱ्याशुभ्र पलंगावर लोळत हसत होती. आई, बाबा, मुलगा, मुलगी. चाळिशीच्या पुढचं कुणी नाही. बुकिंग करताना माणसं भरायच्या दोनच चौकटी: प्रौढ, मुलं. मी तीन प्रौढ टाकले की दोन खोल्या घ्या म्हणे. दोन प्रौढ टाकले की आई बाहेर. शेवटी सरळ फोन लावला.

तिकडचा मुलगा गोड होता. मी त्याला पायऱ्या, लिफ्ट, फरशी, दांडा, खिडकी सगळं विचारलं. इडली मऊ असते का तेही विचारलं.

"मॅम, एक्स्ट्रा बेड मिळेल. किती जण आहात?"

"पाच. कराडहून येतोय," मी म्हणाले.

त्या वाक्यात चूक होती. पण बोलताना ती मला दिसली नाही, कारण मनातल्या मनात मी आईला कराडच्या गाडीत केव्हाच बसवलं होतं.

पवई

हॉटेल फोटोतल्यासारखंच होतं, फक्त लहान. मुलांच्या पलंगामागे भिंतीवर जिराफ चिकटवलेला. तलावाचं दर्शन होतं, पण ते बाथरूमच्या खिडकीतून, आणि कमोडच्या झाकणावर उभं राहिल्यास. संजयने तसं उभं राहून पाहिलं आणि तो जिंकल्यासारखा खाली उतरला, कारण एका अभिप्रायात हे लिहिलेलं होतं.

पूल गुडघाभर होता. त्यात उतरायला टोपी सक्तीची. ती टोपी ईराच्या दोन वेण्यांवर काही बसेना. "आई, माझं डोकं मोदकासारखं दिसतंय," ती म्हणाली आणि काठावर बसून राहिली. ओम एकटाच पाण्यात आडवा झाला. सकाळच्या नाश्त्याला मिसळ होती. कटाचा रंग असा की आमच्याकडे कराडला त्याला आजाऱ्याचं वरण म्हणतात. ओमने रोज कलिंगड आणि मक्याचे पोहे दुधात बुडवून खाल्ले, आणि बुफे या गोष्टीवरचा माझा विश्वास उडाला. चार जणांत चौदा पदार्थ समोर असतात आणि प्रत्येक जण घरी खातो तेच खातो.

जादाची कॉट मी खिडकीजवळ लावून घेतली. खिडकीतून रस्ता, रिक्षा, समोरच्या ऑफिसातून सिगारेटला खाली येणारी पोरं-पोरी. पुष्कळ हालचाल. मी त्या कॉटवर आडवी होऊन पाहिलं, उशी उंच करून पाहिलं. आईला कुठल्या कुशीवर झोपल्यावर काय दिसेल ते पाहिलं.

"आजीच्या शेजारी मी झोपणार," ओम म्हणाला.

"तू लाथा मारतोस. तिचे गुडघे आहेत," ईरा म्हणाली.

"मी डोक्याकडे पाय करून झोपेन."

"मग तोंडावर मारशील."

माणूस यायच्या आधीच त्याच्या शेजारच्या जागेवरून भांडण लागलं, म्हणजे घर झालंच, असं मला वाटलं.

दहिसर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आईला आणायला गेलो. ती पहाटेपासून तयार होऊन बसली होती. इस्त्रीची साडी, वहिनीने घातलेला घट्ट अंबाडा. पिशवीत स्वतःची उशी, स्वतःचा पेला, औषधं, आणि सुकटीच्या चटणीची बाटली.

"अगं, तिथे चौदा पदार्थ असतात," मी म्हणाले.

"असू देत. तोंडाक चव नको?"

मालवणीत आई वाद जिंकते. मराठीत कधीकधी हरते.

प्लॅस्टिकची हातांची खुर्ची आणली. दादा पुढे, संजय मागे, आणि शेजारचे तावडेकाका जिन्याच्या वळणावर सूचना द्यायला. आईने डोळे मिटले होते.

"हळू रे, हळू. डावीकडे घे," तावडेकाका म्हणत होते.

"काका, डावीकडे भिंत आहे," दादा म्हणाला.

"माझ्या डावीकडे रे."

खाली पोचल्यावर आईने डोळे उघडले. समोर भाजीची गाडी होती. "वांगी कशी दिली?" तिने बसल्या जागेवरून विचारलं. घ्यायची नव्हती. भाजीवाल्याने भाव सांगितला, ती महाग म्हणाली, त्याने दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. आईचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत तिच्याशी कुणी भाजीवरून भांडलं नव्हतं.

दादाने तिला गाडीत बसवलं, दार लावलं आणि काचेतून म्हणाला, "मजा कर. फोन करू नको सारखा."

"तूच करशील," आई म्हणाली.

वहिनी वरच्या खिडकीतून बघत होती. तिने हात हलवला. रात्रंदिवस आईचं सगळं तीच करते. तीन रात्री तिलाही झोप मिळणार होती, हेही माझ्या हिशेबात होतं.

परत पवई

हॉटेलच्या दारात पिशवी तपासायचं मशीन आहे. सुकटीची बाटली आतून गेली तेव्हा पडद्याकडे बघणारा माणूस थोडा पुढे वाकला, मग मागे झाला. हॉटेलने चाकाची खुर्ची दिली, पण आईने ती काउंटरच्या अलीकडेच सोडली. म्हणाली, एवढं मी चालते. ईराचा हात धरून ती ऐटीत काउंटरपर्यंत चालत गेली.

काउंटरवरच्या मुलीने आयडी मागितलं. आईने ब्लाउजमधली छोटी पर्स काढली, त्यातून आधार कार्ड काढून पुसून दिलं.

मुलीने कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. "मॅम, हे मुंबईचं आहे."

"हो. आई मुंबईचीच आहे."

"लोकल आयडीवर आम्ही चेक-इन देत नाही, मॅम."

मला वाटलं, कार्ड उलटं धरलं असेल. "म्हणजे?"

"मुंबईतला पत्ता असलेले गेस्ट राहू शकत नाहीत. पॉलिसी आहे."

"ही माझी आई आहे. आमच्या खोलीत राहणार आहे. एक्स्ट्रा बेड तुम्हीच दिलाय."

"पाच जण कराडहून असं लिहिलंय, मॅम."

मॅनेजर आले. नम्र माणूस. त्यांनी आईला नमस्कार केला, पाणी मागवलं आणि तेच सांगितलं.

"पण का?" संजयने विचारलं.

मॅनेजर अवघडले. "सर, त्याचं काय आहे, लोकल लोक हॉटेलात राहायला येतात तेव्हा... कपल्स वगैरे... नंतर आम्हाला त्रास होतो."

संजयने सासूकडे पाहिलं. तिच्या एका हातात उशी होती आणि दुसऱ्या हातात ओम.

"साहेब, ह्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत."

"मला समजतंय, सर. पण पॉलिसीत वय नाहीये."

"आणि लोकल कुठून? कार्डावरची ती मुलुंडची बिल्डिंगच नाही आता. पाडलीय. खड्डा आहे तिथे."

"मग तर, सर, पत्ता व्हेरिफायसुद्धा होणार नाही," मॅनेजर अगदी दुःखाने म्हणाले.

मुंबईत तिला घर नाही म्हणून ती हॉटेलात आली होती, आणि मुंबईत तिचं घर आहे म्हणून हॉटेल तिला घेत नव्हतं. मी रडले असते, पण काउंटरवरच्या मुलीने लगेच माझ्यापुढे गोळ्यांची वाटी सरकवली. रडताना गोळी घ्यायची की नाही ते ठरेना.

संजय लॉबीतून दुसरीकडे फोन लावत होता. बहुतेक ठिकाणी तोच नियम. अंधेरीचं एक तयार झालं. त्याने पायऱ्यांचं विचारलं, तर दारालाच चढून जायच्या पायऱ्या आणि लिफ्ट पहिल्या मजल्यापासून.

"पुरे रे," आई म्हणाली. "किती फोन करशील. इथे बसलंय ना मी. थंडगार आहे."

पाहुणी म्हणून तिला लॉबीत बसता येईल, संध्याकाळपर्यंत कितीही वेळ, असं मॅनेजरांनी स्वतःहून सांगितलं. पाहुण्यांना खोलीत न्यायला मनाई होती. तेव्हा त्या दिवशी आमची सुट्टी लॉबीत झाली. आईला त्यांनी कोपऱ्यातला चांगला सोफा दिला, भिंतीवरून पाणी ओघळायचं तिथला. ओम ओल्या केसांनी पूलमधून यायचा, पाण्याखाली किती वेळ राहिला ते सांगायचा, परत जायचा. ईराने आजीला त्या टोपीची गंमत सांगितली. "घाल बघूया," आई म्हणाली. ईरा लॉबीत, सगळ्यांसमोर, मोदक झाली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि काउंटरवरची मुलगी पाणी घेऊन धावत आली.

दुपारी रेस्टॉरंटमधून सुरमईचं जेवण मागवलं. आईने बाटली काढली, बोटाने सुकटीची चटणी वाढून घेतली. मॅनेजर दुरून बघत राहिले. वासही त्यांच्या पॉलिसीत नसावा.

"तलाव खंय?" तिने विचारलं.

तलाव खोलीच्या बाथरूममधून दिसत होता. मी म्हटलं, जाताना दाखवते.

ऊन उतरल्यावर आम्ही तिला गाडीत बसवलं आणि तलावाच्या काठाने हळू हळू निघालो. पाण्यावर हिरवी जलपर्णी माजलेली. काठावर मगरींपासून सावध राहा म्हणून पाटी. मुलं मगर शोधत होती. संजयने गाडी कडेला घेतली. आई काच खाली करून बघत राहिली. मग मी ते बोलले. कितीतरी वर्षं तेच बोलत आलेय, पण या वेळी खरंच सोपं होतं. तिची उशी, पेला, औषधं, सगळं गाडीत होतं.

"आई, कराडला चल. इथूनच. घर तळमजल्यावर आहे, अंगण आहे."

"नको."

"अगं, कोण विचारतंय आता लेक नि मुलगा?"

तिने काच वर केली, बहुतेक मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून, पण मुलं आतच होती.

"तुला नाही विचारणार," ती म्हणाली. मालवणी सोडून बोलली, म्हणजे ठरवून बोलत होती. "तुझ्या दाराशी मी बसले तर तुला लोक चांगलीच म्हणतील. विचारतील तुझ्या दादाला. घर गेलं त्याचं, लोक म्हणतील आई पण सांभाळता आली नाही. वहिनीला म्हणतील, घालवली. ती माझं हगलं-मुतलं काढते गं. तिला ऐकून घ्यायला लावू?"

लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, या तिच्या वाक्याला आजवर मी जुनी खुळचट रीत म्हणत आले होते. ती रीत कुणाला वाचवण्यासाठी आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"आजी, ती बघ मगर," ओम म्हणाला. लाकडाचा ओंडका होता. आईने मगर म्हणून बघितली.

दहिसर

दादा खाली उभाच होता. संजयने फोनवर कळवलं होतं, तरी त्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो कपल्सच्या जागी हसला आणि मग रस्त्याकडे बघायला लागला.

"मी आधी सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "इथे लोकल आयडी घेत नाहीत. सगळ्यांना माहीत असतं यार."

"मला नव्हतं माहीत."

"तू आता इथली नाहीस ना," दादा म्हणाला. टोमणा नव्हता तो. तो खुर्ची आणायला वळला.

आईने जरा थांबूया म्हटलं. खुर्ची फाटकाशी ठेवली, आणि ती तिथे बसली. येणारे-जाणारे तिला बघून थांबत होते. तावडेकाकू म्हणाल्या, "काय ओ, हॉटेलात होता म्हणे?"

"होतंय," आई म्हणाली. "मोठा हॉटेल. भिंतीवरून पाणी पडता."

"राहिला नाहीत?"

"पोरांका सोबत इल्लंय, झाला."

तिने आणखी काही सांगितलं नाही, आम्हीही नाही. दिवे लागले. मग तिनेच दादाकडे बघून मान हलवली. दादा पुढे, संजय मागे. चढणं उतरण्याहून अवघड निघालं. दुसऱ्या मजल्यावर दोघांनी खुर्ची टेकवली, चिन्मयने वडिलांची जागा घेतली. वळणावर आईच्या पायातली चप्पल निसटून दोन पायऱ्या खाली आली. मी ती उचलली. दुसरीही मीच काढून हातात घेतली आणि मागून चढत राहिले.

दारात खुर्ची टेकली. वहिनीने तिला आत घेतलं, कॉटवर बसवलं, पाय वर उचलून ठेवले. हे सगळं एका सवयीच्या हालचालीत. मी उंबऱ्याशी चपला ठेवायला वाकले.

"त्या थंय ठेवू नको," आई कॉटवरून म्हणाली. "घेवन जा. तुका बसतील."

"अगं, तुला लागतील ना."

"कित्याक?" तिने विचारलं.

चिडून नाही, कशाला लागतील ते खरोखरच विचारत होती. वहिनीने स्वयंपाकघरात गॅस पेटवला. मी त्या चपला उलट्या करून पाहिल्या. मागच्या दिवाळीला मीच घेऊन दिल्या होत्या, आणि त्यांचे तळ अजून कोरे होते.